कोळणीला काय येतं?

तिचं नाव विसरलो, मूठ आठवते.

डहाणू रोडला मित्राच्या गच्चीवर आम्ही रविवारी एक खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. नियम माझे होते. एकदा किनाऱ्यावरच्या वाढवण गावची एक मुलगी पाहुणी म्हणून आली. तिने कोळीण निवडली.

"राजपुत्राला लहानपणापासून तलवार येते," मी म्हणालो. "कोळणीला टोपली मिळते."

तिने फासा मुठीत आवळला.

"तो तलवार शिकत होता तेव्हा माझी कोळीण काय झोपली होती? तिला वारा कळतो. तसं लिहा, मगच फासा टाकते."

मूठ काही उघडेना. शेवटी मी लिहिलं.

गोष्टीत वादळ आलं, तिने फासा टाकला आणि नेमका एक पडला. सगळ्यांत आधी तिचीच कोळीण बुडाली. मला वाटलं, आता चिडणार.

"फासा वाईट पडला म्हणून बुडाली," ती हसत म्हणाली. "वारा कळला होता तिला!"