पुलावरचं जाळं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चंद्रपूरच्या कचेरीत पुलांच्या तपासणीवर होतो. हवेतून काढलेले फोटो वाचायचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो आणि त्याचा माज मला होता. हेलिकॉप्टरने गडचिरोलीकडच्या पुलांचे फोटो काढले होते. ते टेबलावर पसरून, भिंग घेऊन भेगा शोधणं हे माझं काम. फोटोत काही दिसलं की जागेवर जाऊन खात्री करायची, असा नियम होता. पण मे महिना होता, जीपमध्ये पंखा नव्हता, आणि मी गेलो नाही.

एका लहान पुलावर मला आडव्यातिडव्या काळ्या रेघा दिसल्या. ‘पृष्ठभागावर भेगांचं दाट जाळं,’ असं मी लिहिलं. साहेबांना ते इतकं आवडलं की अहवाल नमुना म्हणून नागपूरला गेला. आठवड्यात पुलाच्या दोन्ही टोकांना चर खणला. एसटी पुलाच्या अलीकडच्या फाट्यावरूनच वळू लागली. पलीकडच्या गावाला दवाखान्याची दुसरी वाट नव्हती.

मृगाच्या सुमारास त्या गावचा एक म्हातारा ढिवर, नदीत मासे धरणारा, कचेरीत आला. चपला दाराबाहेर काढून उभा राहिला.

“साहेब, पूल काऊन बंद केला?”

मी फोटो त्याच्यापुढे फेकला. “हे बघ. फाटलाय तुझा पूल.”

त्याने फोटो खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि चक्क हसला.

“ह्या भेगा नाई साहेब. माये जाळे हायेत. वाळू घातले होते. तुमचं हेलिकॉप्टर आलं, सारे पाहाले धावलो, जाळे तसेच राह्यले. हे पाहा, इथी जोडलं म्या.”

मी भिंग लावलं. रेघेच्या कडेला सारख्या अंतरावर ठिपके होते. जाळं पाण्यावर धरणारे तरंगे. भेग काही मोजून ठिपके देत नाही. मला एका क्षणात कळलं. तेव्हाच मी एक ओळ लिहिली असती तर चर बुजला असता.

“सुनेचे दिवस भरत आले साहेब. गाडी नाई आली तं कसं नेऊ तिले?”

वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे न करण्याची आमच्याकडची रीत. ती सोडून मी म्हणालो, “सरकारी पुलावर जाळी टाकतोस? पुन्हा दिसली तर जप्त करीन. नीघ.”

तो माफी मागून गेला. मी फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला. पावसाळ्यानंतर बघू, असं स्वतःला सांगितलं. खरं तर नागपूरला माझं हसं होईल याची मला भीती होती, दुसरं काही नाही.

श्रावणात त्याच भागातल्या शिपायाने सांगितलं. सुनेला खाटेवर घालून पूल ओलांडला, चराच्या चिखलात खाट उचलणारे दोघं घसरले, फाटा गाठेस्तोवर ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं. मी त्याला विचारलं, चहा अजून का आला नाही.

दिवाळीआधी मी ‘भेगा बुजवल्या, पूल सुरक्षित’ असा शेरा मारला. कुणी काही बुजवलं नव्हतं, बुजवायला काही नव्हतंच. चर भरला आणि पहिली जीप माझीच गेली. या वेळी मी जागेवर गेलो, कारण हवा छान होती.

पूल कोरडा, उन्हात तापलेला होता. म्हातारा मात्र खाली नदीकाठच्या ओल्या रेतीवर जाळी पसरत होता. तिथं ती संध्याकाळपर्यंत वाळली नसती. मी कठड्यावरून ओरडलो, “वर टाका की! मी काही बोलणार नाही.”

त्याने मान वर केली. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं.

“नाई साहेब,” तो म्हणाला, “पुलावर नाई टाकत आता. वरून भेग दिसते.”