सांडलवंडबाई

वसतिगृहात घरचं नाव फार दिवस टिकत नाही. ते ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं आणि तिथेच राहतं. या मुलीला पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत मागून कुणीतरी म्हणालं, "ए लिंबूटिंबू, सरक पुढे!" सगळ्या हसल्या आणि ती टिंबू झाली. वय चौदा, अंगकाठी दहाची, आणि आवाज इतका बारीक की दोनदा "काय?" विचारल्याशिवाय कुणाला काही कळू नये.

नाव ठेवण्यातून मोठी माणसंही सुटली नव्हती. रेक्टरबाईंना सांडलवंडबाई म्हणत. साठीला टेकलेल्या, जाडजूड, गुडघ्यांनी हैराण झालेल्या. जिना चढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्यांच्या हातून सारखं काही ना काही सांडायचं, म्हणून हे नाव. कुणी ठेवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या मुली आल्या तेव्हाही ते होतंच.

टिंबूला कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणं सोपं, कारण यादी छोटी आहे. बाकी सगळ्याची वाटायची. पहाटेच्या घंटेची वाटायची. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती, एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने अंघोळ करायची, त्याची वाटायची. ताटात काही उरलं तर वाढपीमावशी सगळ्यांसमोर विचारतील याची वाटायची. आणि सगळ्यांत जास्त वाटायची ती फौजदारची. फौजदार म्हणजे शेवटच्या वर्षातली एक उंच मुलगी, वरच्या मजल्याची प्रमुख. ती "कोण बोलतंय?" म्हणाली की ज्या बोलत नव्हत्या त्याही गप्प व्हायच्या. तिच्या खाटेखाली पाण्याने भरलेला एक जग कायम ठेवलेला असतो आणि उशिरा उठणाऱ्या मुलीच्या तोंडावर ती तो ओतते, असं खालच्या मुली शपथेवर सांगत. खालच्या मुलींनी वरचा मजला फारसा पाहिला नव्हता, पण शपथ घ्यायला पाहावं कुठे लागतं?

एका गोष्टीची मात्र टिंबूला भीती नव्हती. गणिताची. तिचे बाबा कारखान्यात लेथवर काम करत आणि केसाएवढा फरक बोटाने ओळखत. तिच्या लहानपणी ती आणि बाबा जेवता जेवता एकमेकांना तोंडी हिशेब घालत. आई म्हणायची, "घास थंड होतोय, आधी तो भागा." इथे आल्यावर सगळं अंगावर यायला लागलं की टिंबू मनात एखादं गणित मांडायची. ते सुटत जाई तसतसा तिचा श्वास मोकळा होई. गणिताच्या सरांनी तिची वही पाहून नुसतं "हं" म्हटलं होतं. ते सर कुणालाही "हं" म्हणत नसत.

मग पहिल्याच आठवड्यात ते झालं. सकाळी घंटा झाली, मुली उठल्या, चादरींच्या घड्या घालायला लागल्या, आणि टिंबू खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. अंथरूण ओलं होतं. लहानपणी सुटलेली खोड, तिला वाटलं होतं ती विसरूनही गेली, आणि इथे चौदाव्या वर्षी परत आली होती. तिला ओरडायचं होतं, मरायचं होतं, निदान भिंतीत शिरायचं होतं. शेजारची मुलगी म्हणाली, "ऊठ की गं." टिंबू हलली नाही. दोघी-तिघी वळून बघायला लागल्या.

तेवढ्यात रेक्टरबाई पाण्याचा जग घेऊन डुलत डुलत आल्या, टिंबूच्या खाटेच्या पायाला अडखळल्या, आणि अख्खा जग तिच्या अंगावर, गादीवर, चादरीवर रिता झाला.

"अगं बाई! मेले माझे गुडघे! भिजवलं ना लेकराला! जा गं, कपडे बदल जा. गादी मी टाकते उन्हात."

मुली हसून हसून लोळल्या. टिंबू धावत न्हाणीघरात गेली, हाताने दार धरलं आणि रडली. भीतीने नव्हे, सुटकेने.

बाईंनी त्याबद्दल कधी अक्षर काढलं नाही. त्यांची खोली टिंबूच्या खाटेच्या भिंतीपलीकडेच होती. रोज मध्यरात्री त्या येऊन तिच्या पायाचा अंगठा हळूच ओढत, ती उठून जाऊन येई. तरी कधी चुकलंच तर सकाळी काहीतरी सांडायचं. कधी पाणी, एकदा दूध. टिंबू रुळायला लागली. भिंतीपलीकडचा बाईंचा खोकला ऐकला की तिला झोप लागायची.

आणि मग विषय निवडायचा दिवस आला.

या शाळेत त्याची एक पद्धत होती. सभागृहात एकेकीने उभं राहून पुढच्या दोन वर्षांच्या परीक्षेचे विषय मोठ्याने सांगायचे, आणि त्याच दिवशी गादी गुंडाळून आपापल्या मजल्यावर जायचं. गणित-विज्ञानवाल्या वर, कारण त्यांचे दिवे उशिरापर्यंत जळत. बाकीच्या खाली. विषय निवडला की शेजारही निवडला जायचा. टिंबूला हे आदल्या दिवशी कळलं. वर म्हणजे बाई नाहीत. अंगठा ओढणारं कुणी नाही. सकाळी ओल्या गादीवर बसलेली ती, समोर फौजदार, आणि मागे सगळा मजला.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली. गणिताच्या सरांनी तिच्यासाठी लेखणी उचललीही होती.

"गृहशास्त्र," टिंबू म्हणाली.

"काय?"

"गृहशास्त्र. आणि चित्रकला."

सरांनी लेखणी खाली ठेवली. टिंबूला चित्रात साधी मांजर काढता येत नव्हती.

दुपारी रेक्टरबाईंनी तिला चादरींच्या कोठीत बोलावलं. दार लावलं आणि एका गाठोड्यावर बसल्या.

"चित्रकला?"

टिंबूने मान खाली घातली.

"माझ्याशेजारची खाट सुटू नये म्हणून ना?"

"वर तुम्ही नसणार," टिंबू म्हणाली. "बाई, मला फार भीती वाटते. सगळ्यांना कळेल. मी घरीच जाईन त्यापेक्षा."

"वर मी नसणार, खरंय. हे गुडघे आता जिना ओळखत नाहीत." बाईंनी पदराने कपाळ पुसलं. "पण ऐक. चादर दोन तासांत वाळते. वाया गेलेली दोन वर्षं नाही गं धुऊन निघत. सर अजून वर्गात आहेत. जा, आणि चूक झाली म्हणून सांग."

"मग वर काय करू?"

"ते मला काय माहीत? वर जा आणि बघ."

"मी नाही जाणार."

"तर मग खाली तुझ्यासाठी जागा नाही," बाई म्हणाल्या. उठल्या, लंगडत तिच्या खाटेपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने तिची गादी गुंडाळून दोरी आवळायला लागल्या.

टिंबूला वाटलं, आपल्याला घराबाहेर काढलं. इतका राग तिला कधीच आला नव्हता, आणि त्या रागाच्या भरातच ती सरांकडे गेली. सर फळा पुसत होते. "गणित," ती म्हणाली. या वेळी कुणालाही "काय?" विचारावं लागलं नाही.

वर तिला मिळालेली खाट नेमकी फौजदारच्या शेजारी निघाली. आणि पाण्याच्या जगची गोष्ट खोटी नव्हती. तो खरोखर खाटेखाली होता, काठोकाठ भरलेला. फौजदार रोज संध्याकाळी त्यातलं पाणी बदलायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. टिंबूने दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. ती झोपेशी भांडत पडून राहायची, अंगठ्याला दोरी बांधून दुसरं टोक खाटेला बांधायची, म्हणजे कूस बदलली की जाग यावी. दिवसा वर्गात तिच्या डोळ्यांसमोर आकडे पोहायला लागले. असे काही दिवस निभावले. पण माणूस किती जागणार?

एका सकाळी घंटा झाली आणि टिंबूला अंगाखालचा गारवा जाणवला. मुली उठल्या. चादरी झटकल्या जायला लागल्या. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. या वेळी जिना चढून कुणी येणार नव्हतं. फौजदारने अंगावरची चादर बाजूला केली, टिंबूकडे एकदा नीट पाहिलं, आणि खाली वाकून जग उचलला.

टिंबूने डोळे घट्ट मिटून घेतले.

थंडगार पाणी तिच्या मांडीवर, गादीवर, चादरीवर पडलं. तोंडावर एक थेंबही नाही.

"अरेच्चा," फौजदार म्हणाली. "हात सटकला."

"तूसुद्धा सांडलवंड झालीस?" कोपऱ्यातून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"झाले. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. फौजदारने गादीचं एक टोक धरलं, टिंबूने दुसरं, आणि दोघींनी ती गच्चीवर नेऊन कठड्यावर टाकली. टिंबूचे दात वाजत होते. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"बाईंनी सांगितलं तुला?"

"बाई? त्या प्राण गेला तरी एकीचं दुसरीला सांगायच्या नाहीत." फौजदारने गादीवर थापटी मारली. "तू घंटेनंतर कशी बसली होतीस, ते पाहिलं. मी पण तशीच बसायचे. पहिलं अख्खं वर्ष माझ्यावर सांडत होत्या त्या."

टिंबू तिच्याकडे बघतच राहिली. उंच, रागीट, सगळ्या मजल्याला धाकात ठेवणारी फौजदार. खाली पटांगणात रेक्टरबाई कुणावर तरी ओरडत होत्या. आवाज वरपर्यंत येत होता.

"काही होत नाही," फौजदार म्हणाली. "थांबतं ते. आणि जग आपला भरून ठेवायचा. पुढच्या वर्षी मी नसेन, मग तो तुझ्या खाटेखाली ठेव."