तुफानरावाची भिंगरी

उत्तरा अकरा वर्षांची असताना टीव्हीवर उडायची. कमरेला दोरखंड बांधायचे, समोर भलामोठा पंखा लावायचे आणि पिवळ्या घट्ट कपड्यांत तिला हवेत लोंबकळत ठेवायचे. मुंबईला तेव्हा मुलांसाठी एक मालिका लागायची, ‘तुफानराव’. तुफानराव दुष्टांचा नायनाट करायचा आणि त्याची छोटी मदतनीस भिंगरी त्याच्या मागेमागे धावायची. ती भिंगरी म्हणजे उत्तरा. इमारत चढायचा प्रसंग असला की जमिनीवर पुठ्ठ्याची इमारत आडवी ठेवायचे, हे दोघं तिच्यावरून रांगायचे आणि वरून कॅमेरा लावायचे. भिंगरीला वाक्य असं एकच, दर भागात ठरलेलं. दुष्ट डॉक्टर कोळसा मागून आला की कर्कश आवाजात ओरडायचं, “मागेऽऽ बघा, तुफानराव!” मग तिला खुर्चीला बांधलं जायचं आणि तुफानराव येऊन सोडवायचा.

मालिका बंद पडली आणि चिडवणं सुरू झालं. शाळेत, पुढे कॉलेजातही मुलं मागून तोच आवाज काढायची. उत्तराने हळूहळू तो विषयच पुसून टाकला. लग्नानंतर जयप्रकाशला एकदा सांगितलं, तो खो खो हसला, आणि मग तिने पुन्हा नावही काढलं नाही. दोघं मस्कतला आले. मदिनत सुलतान काबूस या वस्तीत घर, तिला एका विमा कंपनीत नोकरी, मुलगा आर्यन इंडियन स्कूलमध्ये. आपली आई कधीकाळी उडायची, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

२००२ सालच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी ती अल मवालेहच्या बाजारात भाजी घ्यायला गेली होती. हुसैनमियाँ हा तिचा नेहमीचा भाजीवाला, मूळचा रत्नागिरीकडचा. त्याच्या हाताखालचा जमाल खाली वाकून कांद्याची पोती लावत होता, आणि एक पिकअप उलटी येत येत थेट त्याच्यावर चालली होती. उत्तराच्या तोंडून आपसूक निघालं, “मागेऽऽ बघा!”

जमालने उडी मारली. गाडी पोत्यांवर आदळून थांबली. सगळे जमालकडे धावले, तो धडधाकट होता. हुसैनमियाँने त्याला आधी चाचपून पाहिलं, पाणी पाजलं. मग वळून तो उत्तराकडे टक लावून बघत राहिला.

“बाय, एक विचारू? तुमी भिंगरी काय?”

उत्तराचे कान तापले. नाही म्हणावं असं वाटलं, पण मान हललीच.

“या अल्ला,” तो मटकन क्रेटवर बसला. “नागपाड्याला मामूकडं ऱ्हायचो आमी. शेजाऱ्याच्या खिडकीतनं बगायचो. माजी भैन खतिजा, ती तर नुस्ती वेडी. हितंच माबेलाला ऱ्हाते. आज तुमी यायचंच. यल्ला, चला.”

संध्याकाळी त्याने गाडीत घालून तिला माबेलाला नेलं. खतिजा पिठाच्या हातांनीच दारात आली. तिने उत्तराला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाही वर केली आणि कोपर दाखवलं. हात पुरता सरळ होत नव्हता.

“कपाटावरनं उडी मारली होती. भिंगरी व्हायला.”

“अगं, मग तुफानराव का नाही झालीस?” उत्तराने कसंबसं विचारलं.

“त्याचं काय, तो छाती काढून उभा ऱ्हायचा. धावायचीस तू.”

उत्तराला एकदम हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्या पोरीला बघून सगळं जग नुसतं हसलं. खतिजाने पिठासकट तिला मिठी मारली. चहा होईस्तोवर खतिजाचं ठरूनही गेलं होतं: भारतीय कुटुंबांच्या वार्षिक मेळाव्यात यंदा तुफानराव करायचा.

मग दोन्ही घरांत नुसती धांदल उडाली. खतिजाने पिवळा पोशाख शिवला. तुफानराव कोण, तर हुसैनमियाँ, पोटासकट. जयप्रकाशला डॉक्टर कोळसा व्हावं लागलं. आधी कुरकुरला, मग आरशासमोर दुष्ट हसण्याची तालीम करू लागला. आर्यन मात्र रडकुंडीला आला. “मॉम, प्लीज. माझे फ्रेंड्स येणारेत.”

“येऊ देत,” उत्तरा म्हणाली. ऑफिसातही हल्ली ती जिने दोन दोन पायऱ्या गाळत चढत होती.

मेळाव्याच्या दिवशी शाळेचा हॉल खच्चून भरला. डॉक्टर कोळशाने भिंगरीला ओढणीने खुर्चीला बांधलं. सोडवायला तुफानराव झेपावला आणि विंगेतल्या खिळ्यात त्याचा झगा अडकला. हुसैनमियाँ पुढे येईना, मागे जाईना. जयप्रकाशला पुढे काय म्हणायचं ते सुचेना. हॉलमध्ये खसखस पिकली.

उत्तराने क्षणभर वाट पाहिली. वाट बघायचीच सवय होती तिला. मग तिने खुर्चीसकट एक गिरकी घेतली, ओढणीची सैल गाठ सुटली, आणि तिने त्याच ओढणीने डॉक्टर कोळशाला गुंडाळून त्याच खुर्चीत बसवलं.

“आता तुफानरावांना सोडवून येते. तोवर हलायचं नाही.”

जयप्रकाश खराखुरा घाबरून “बरं” म्हणाला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. विंगेतून हुसैनमियाँचा आवाज आला, “शाब्बास भिंगरी, खलास केलंस त्याला.”

पडदा पडल्यावर आर्यन चार मित्रांना घेऊन मागे आला. “ही माझी आई,” तो म्हणाला, त्यांना मराठी कळत नव्हतं तरी. मग इंग्रजीत सुरू झाला, ती उडायची, खरंच टीव्हीवर, दोर बांधून. जयप्रकाशनेच त्याला सांगितलेलं दिसत होतं, बरंच तिखटमीठ लावून.

परतताना खतिजाला सोडायला हुसैनमियाँसकट ते पाचही जण माबेलाच्या रस्त्याला लागले. मागच्या सीटवर खतिजाचं पुढच्या वर्षीचं नाटक केव्हाच सुरू झालं होतं. त्यात भिंगऱ्या दोन होत्या आणि तुफानराव परगावी गेला होता. पेट्रोल पंपावर गाडी थांबली. सगळ्यांना तहान लागली होती. उत्तरा तशीच उतरली, पिवळ्या पोशाखात, डोळ्यांवरचा मुखवटा कपाळावर सरकवून, आणि दुकानात शिरून म्हणाली, “भैया, पाच मँगो ज्यूस देना. ठंडे वाले.”