वरून मीठ घेता का?

मला फॉर्म भरायला आवडतं. तुमच्या शाळाप्रवेशाचे कागद मी इथे शिरगावात बसून तपासले होते आणि तुमच्या बाबाच्या दोन चुका काढल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून यंदा जे झालं ते मीच लिहून कळवते. बाबाने सांगितलं तर तो आधी हसत बसेल.

एका मेडिकल कॉलेजची मुलं दोन वर्षांपासून आपल्या गावात येतात. प्रत्येकाला काही घरं नेमून दिलेली असतात. शिक्षण चालू असेपर्यंत त्या घरांत जायचं, वजन करायचं, प्रेशर मोजायचं, माणसं काय खातात ते लिहून न्यायचं. कल्पना उत्तम. फक्त दहाची बस साडेअकराला येते, नऊ मुलांत प्रेशरचं यंत्र एक, आणि त्याचे सेल नेमके आपल्या ओटीवर संपतात. दोनदा मी आजोबांच्या रेडिओतले काढून दिले. तिसऱ्यांदा दिले नाहीत.

आमच्या आळीला आलेली मुलगी अकोल्याकडची. हुशार, लाघवी, शुद्ध शाकाहारी; अक्षर मात्र आतापासूनच डॉक्टरचं. तिच्या वाट्याला आपलं घर आलं आणि मासळीआजीचंही. तुम्ही लहानपणी जिच्या टोपलीत डोकं घालायचात, तीच मासळीआजी. तिचं बोलणं या मुलीला निम्मं कळेना, आणि हिचे छापील प्रश्न मासळीआजीला.

"मावशी, जेवणात वरून मीठ घेता का?"

"नाय गो."

"लोणचं, पापड?"

"आमी कुठले पापड खातोय! ते या बायकडं."

'बाय' म्हणजे मी. मुलगी खोडत होती, पुन्हा लिहीत होती, फॉर्मचा पार चिखल झाला होता. मला बघवेना. मी पेन घेतलं आणि मासळीआजीचा फॉर्म स्वच्छ इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत भरून दिला. मग शेजारच्या घराचा. मग सगळ्या आळीचे. मिठाच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. मुलीच्या सरांनी निरोप पाठवला, इतके नीटनेटके फॉर्म कुठल्याच गावातून आले नाहीत. तो निरोप मी तुमच्या बाबालाही कळवला होता.

आता खरं दुखणं. मासळीआजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याने तर उजेड-अंधार एवढंच कळायचं. विळीवर बसली की पापलेटाचे पर बोटांनी चाचपून शोधायची. बोटांना सतत चिंधी गुंडाळलेली. घरात मासळी कापणारं दुसरं कोणी नाही. कापता आली नाही तर बाजारातली बसायची जागाही जाणार, कारण गिऱ्हाईक हल्ली मासा साफ करूनच मागतं.

कॉलेजचा बोईसरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलशी करार आहे. तिथे ऑपरेशनसाठी तिचं नाव लागलं. तारीख मिळाली, मी फाइल घेऊन सोबत गेले. नर्सने प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं, डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, इतक्या प्रेशरवर डोळ्याला हात लावता येणार नाही, गोळ्या वाढवून या. गोळ्या वाढवल्या. दुसऱ्या तारखेलाही तेच. कॉलेजला विचारलं तर म्हणाले हॉस्पिटल ठरवेल. हॉस्पिटलला विचारलं तर म्हणाले कॉलेजने पाठवलंय, त्यांना विचारा. दोघांच्या करारात सह्या, शिक्के सगळं असेल. फोन कोणी कोणाला करायचा, तेवढं राहिलं असावं.

परतताना रिक्षात मी तिच्यावरच चिडले.

"गोळी चुकवत असशील. नाहीतर घाबरत असशील."

"तुझ्यासमोर घेते ना रोज? आनि भ्याव कसलं? पावसाळी वाऱ्यात होडीत बसलेय मी. तुझ्या या रिक्षावाल्याचंच भ्याव वाटतं."

गोळ्यांचा तक्ता मीच करून तिच्या भिंतीला लावला होता. एकही खूण चुकलेली नव्हती. म्हणजे राग धरायला तीही उरली नाही.

पुढच्या महिन्यात कॉलेजवाल्यांनी गावच्या शाळेत आरोग्य शिबिर घेतलं. भिंतीवर मुलांच्या संशोधनाचे तक्ते. एक तक्ता आपल्याच किनाऱ्याचा होता, म्हणून मी चष्मा पुसून वाचायला लागले. या कुटुंबांत वरून मीठ घेण्याचं प्रमाण अत्यल्प, तरीही रक्तदाब जास्त. कारण शोधण्यासाठी अधिक अभ्यास आवश्यक. शेजारी मासळीआजी बाकावर डबा उघडून बसली होती. तांदळाची भाकरी आणि भाजलेला मासा.

अकोल्याच्या मुलीने नाकाला रुमाल लावून मला विचारलं, "आजी, हे काय आहे?"

"खारा बांगडा," मासळीआजीच बोलली. "पोट फाडायचं आनि मुठीमुठीनं मीठ भरायचं. तवा टिकतो. रोजचं जेवान हाय आमचं. ताजा मासा बाजारात जातो, आमाला हा."

मी तक्त्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"अगं, वरून मीठ घेत नाहीस म्हणालीस ना तू?"

"वरून कशाला घेऊ? आतच लय हाय."

मला हसूही येईना. चाळीस वर्षं मी तिला हा मासा खाताना पाहतेय. आपल्या पडवीत बसून खाल्लाय तिने. आणि मी रकान्यात 'नाही' लिहिलं, तेही ठळक अक्षरात, कारण प्रश्न 'वरून'चा होता आणि मला रकाना भरण्याशी मतलब.

सर तिथेच होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, हा तक्ता काढा, हे फॉर्म माझ्या हातचे आहेत. त्यांनी तक्ता पुन्हा वाचला. मग म्हणाले, "प्रश्न आम्हीच अर्धवट विचारला, आजी."

"हो, पण उत्तर मीच पुरं केलं," मी म्हटलं. तक्ता त्यांनी स्वतः उतरवला.

मुलीने तत्परतेने केसपेपरवर लिहिलं: सुकी मासळी पूर्ण बंद. मी ते वाचून दाखवलं मात्र, मासळीआजी उसळली.

"बोंबलाला कोन मीठ लावतो गो? तो काठीवर उन्हात सुकतो! सुकट पन तशीच. डॉक्टरीन होनार आनि एवढं नाय म्हाईत? मग मी काय, तुझ्या गावची भेंडी खाऊ?"

मुलगी लाल झाली. सर मात्र खुर्ची ओढून बसले आणि कुठला मासा नुसता उन्हात सुकतो, कुठला मिठात मुरतो, ते तिला विचारून एकेक लिहून घेतलं. मग त्यांनी तिथूनच बोईसरच्या डॉक्टरांना फोन लावला. इतका सोपा फोन! गोळी बदलली. खारा बांगडा बंद, बोंबील-सुकट चालू. दीड महिना तिने पाळलं, मला रोज शिव्या देत.

तिसऱ्या तारखेला नर्सने प्रेशर मोजलं आणि सरळ तिला ऑपरेशनचा हिरवा झगा दिला. मी बाकावर बसून फाइलमधले कागद लावले. ते आधीच लावलेले होते.

पट्टी सुटल्यावर ती पहिल्यांदा आली ती आपल्याकडेच. उंबऱ्यात उभं राहून तिने छताकडे पाहिलं.

"बाय, ही एवढी जळमटं कधीपासून हायत? मला वाटायचं तुझं घर लय साफ."

मी झाडू आणला.

गेल्या आठवड्यात मुलगी नवा फॉर्म घेऊन आली. त्यात 'सुकी मासळी' आणि 'खारी मासळी' असे दोन वेगळे रकाने आहेत. मुलीने पहिलीच ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. माझा हात आपसूक पेनाकडे गेला. मासळीआजीने तो मनगटाला धरून बाजूला केला. आता तिला दिसतं ना!

"ती लिहील. मी सांगते. तू गप बस."

अर्धा तास मी गप्प बसून ते अक्षर पाहत होते. काय सोसलं असेल मी, तुम्हीच विचार करा.