जिवंत माणसांना हार

माझा थोरला भाऊ मुरबाडला फोटो स्टुडिओ चालवायचा. पासपोर्टचे फोटो काढायचा, पण नाइलाजाने. जीव रमायचा सोंगं उभी करण्यात. प्लायवूडचं विमान, खिडकीच्या जागी एक भोक. नाटकवाल्यांकडून आणलेला डॉक्टरचा कोट आणि फौजदाराची टोपी. डोळखांबच्या पाड्यावरून बाजाराला आलेला माणूस त्याच्याकडे डॉक्टर व्हायचा. मग भाऊ विचारायचा, "पेशंटला काय झालंय?" डॉक्टरच्या चेहऱ्यावर काळजी दिसेपर्यंत तो बटण दाबायचा नाही. वहिनी पावडर लावायची, पदर सारखा करायची, उजेडासाठी थर्माकोल धरून उभी राहायची. पुढे पुढे निम्मे फोटो तीच काढायची.

भाऊ गेला तोवर ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले होते. स्टुडिओ बंद करून जागा मोबाइलच्या दुकानाला द्यावी, असं मी वहिनीला सरळ सांगितलं. जागा घ्यायला एक माणूस तयारही होता.

वहिनी म्हणाली, "वन्सं, वर्षश्राद्धाला यांनी काढलेले फोटो मांडू. लोकांना त्यात काही वाटलं तर मी स्टुडिओ चालवीन. नाही वाटलं तर तुमचं खरं."

शाळेचा हॉल मिळाला. जुन्या निगेटिव्हवरून मोठे फोटो करून घेतले, भिंतीवर लावले, मधोमध विमान उभं केलं. भावाचा फोटो तेवढा लावला नाही. पासबुकावरचा एक सोडला तर स्वतः कॅमेऱ्यासमोर तो कधी बसलाच नव्हता, आणि तो फोटो मोठा केला तर भलताच कोणी दिसत होता.

तिथेच गडबड झाली. गेलेल्या माणसाच्या कार्यक्रमाला आमच्याकडे कोणी मोकळ्या हाताने येत नाही. थेट शहापूरपासून लोक झेंडूचे हार घेऊन आले आणि हार घालायला भावाचा फोटो सापडेना. पहिल्या बाईने दाराजवळच्या फ्रेमला हार घातला, नमस्कार केला आणि पुढे गेली. मागच्यांनी तिचं पाहिलं. मी चहाचं बघून परत येते तो डॉक्टर, फौजदार, विमानातली नवरी, सगळे हारात! एक म्हातारबाबा चपला काढून हात जोडून उभे होते. "येवढी मानसं गेली?" म्हणाले.

मी हार उतरवायला स्टुलावर चढले, तेवढ्यात वैशाखरे गावची एक बाई नवऱ्याला घेऊन आत आली. विमानातली नवरी तीच.

"अगो बाय, मी कवा मेली?"

नवरा म्हणाला, "माला पन कोनी सांगितला नाय. तेराव्याचा जेवान बुडला माझा."

"तुमी गप रवा!"

वहिनी लाजेने लाल झाली. "चुकलं गो. लोकांना वाटलं..."

"चुकला तर निस्तर. हार पडलेला फोटू मागं ठेवून मी घरी जायाची नाय. जित्ती हाय तसा दुसरा काढ. विमानातच. आन यांना पन बसव. तवा लाजून भायेर उभे रवलेले."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावरून उतरले आणि थर्माकोल शोधायला लागले. ती स्टुडिओतून कॅमेरा घेऊन आली. खिडकी एक आणि डोकी दोन, तेव्हा नवऱ्याला पुढे पायलट म्हणून बसवलं.

"पायलट, रस्ता माहीत आहे ना?" वहिनीने विचारलं.

"टोकावड्यावरून सरळ!"

बायको खिडकीतून ओरडली, "एसटीच्या मागं घालू नका, धूर येतो." हॉलभर हसू फुटलं आणि वहिनीने बटण दाबलं.

मग फौजदार पुढे आला. त्यालाही हार पडला होता. त्याच्यामागे हार पडलेले आणखी काही, आणि ज्यांचा भिंतीवर फोटोच नव्हता असेही. रोल संपला, दुसरा मागवला. थर्माकोल धरून माझे हात भरून आले, पण खाली ठेवावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवाल्याला मीच निरोप धाडला की दुसरी जागा बघ. वहिनीने स्टुडिओ उघडला आणि सुताराला बोलावून आधी विमानाला आणखी एक खिडकी पाडून घेतली.