कापायची तर दुधासाठी

“समजलं ना? मग झालं.”

आमच्या शेजारच्या विजेच्या सामानाच्या दुकानदारांचं हे वाक्य बुधवार पेठेत येणाऱ्या किती गिऱ्हाइकांनी ऐकून घेतलंय, त्याला गणती नाही. ते विचारायचे, लाल वायर देऊ की काळी. गिऱ्हाईक लाल वायरीकडे बोट दाखवायचं आणि वर साळसूदपणे म्हणायचं, “काय म्हणालात?” मग चष्मा नाकावर खाली घसरायचा, लाल वायर काउंटरवर आपटली जायची आणि हे वाक्य यायचं.

ते बोबडे बोलायचे. ‘र’ त्यांना आयुष्यात जमला नाही आणि ‘ळ’ची तर गोष्टच सोडा. पुण्यात हा गुन्हाच. इथे माणसाला शेजाऱ्याचं आडनाव ठाऊक नसतं, पण त्याचा ‘ळ’ कुठे घसरतो ते बरोबर ठाऊक असतं. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरला होते, वर्षानुवर्षं. मला त्यांचं प्रत्येक वाक्य कळायचं. कळायला लागतं काय? दोन दिवस कान द्यावे लागतात. पण लोकांना कान द्यायचे नसतात, दात काढायचे असतात. तुम्हीही अशा एखाद्या दुकानात गेला असाल. तिथे तुम्ही काय केलंत ते तुमचं तुम्हाला माहीत.

एकदा इंजिनिअरिंगची तीन पोरं आली. प्रोजेक्टचं सामान काढून झालं, पिशवीत भरून झालं, आणि निघता निघता त्यातल्या एकाने त्यांची नक्कल केली. हळूच, मित्रांपुरती. यांनी हात पुढे करून पिशवी परत घेतली, एकेक वस्तू आपापल्या डबीत ठेवली आणि पंख्याखाली पेपर वाचत बसले. पोरं सॉरी म्हणाली, सर म्हणाली, उद्या सबमिशन आहे म्हणाली. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “दुकान बंद आहे.” दुकान सताड उघडं होतं. मी पलीकडे हसून हसून वाकले होते.

बँकेला फोन लावला की मात्र त्यांची पंचाईत व्हायची. तिथे ती यंत्रातली बाई असते ना, जन्मतारीख बोला म्हणणारी. हे बोलायचे. ती म्हणायची, माफ करा, मला समजलं नाही. तीनदा असं झालं की ते फोन तोंडासमोर धरून म्हणायचे, “केलं माफ,” आणि ठेवून द्यायचे. मग फोन घेऊन माझ्या दुकानात यायचे आणि त्यांची जन्मतारीख मी त्या बाईला सांगायचे.

माझी मुलगी त्यांच्या स्टुलावर वाढली. तिचे वडील लवकर गेले. शाळा सुटली की ती माझ्या दुकानात यायची आणि पाच मिनिटांत त्यांच्याकडे पळायची, कारण माझ्याकडे नुसती पुस्तकं आणि त्यांच्याकडे पेटणारे दिवे. ती त्यांना काका म्हणायची. ते एकटेच होते. एकदा मुलगी बघायला गेले होते, म्हणे. तिचे मामा त्यांच्याशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले, जसे काही हे बहिरेच. हे पोह्यांची बशी खाली ठेवून उठून आले, ते पुन्हा कुठे गेले नाहीत.

तर ही माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे वारज्याला आली. तिलाही मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टरबाईंनी बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि सांगितलं, जिभेखालचा पडदा आखूड आहे, जीभ खाली बांधल्यासारखी झालीय, टंग-टाय म्हणतात याला. पुष्कळ बाळांना त्याचा काही त्रास होत नाही. दूध कसं पितेय ते बघू आणि मग ठरवू. इतकी सरळ गोष्ट होती.

पण सरळ गोष्ट सरळ राहू देतील तर ते नातेवाईक कसले? आमच्या विहीणबाई तिथेच होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या फोनवर कुठल्याशा क्लिनिकची जाहिरात आली. लेझरने पाच मिनिटांत काम, पुढे वाणी स्पष्ट! ज्या लेकराने अजून डोळे धड उघडले नाहीत, त्याच्या वाणीची काळजी विकायला बसलेत मेले. विहीणबाई ती जाहिरात सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, “आत्ताच कापून टाकू या बाई. नाहीतर त्या तुमच्या शेजारच्या दुकानदारांसारखी व्हायची. मुलीची जात आहे.”

ते दारातच उभे होते. हातात कागदात गुंडाळलेला रात्रीचा दिवा होता, स्वतः बनवलेला. आत आले, दिवा टेबलावर ठेवला, बाळाकडे पाहिलं. प्रकाश मंद आहे, डोळ्यांवर येणार नाही, एवढं मुलीला सांगितलं आणि निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विहीणबाईंना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळे गेल्यावर मुलगी म्हणाली, “आई, हिच्या जिभेला कुणी हात लावायचा नाही. काकांसारखी झाली तर होऊ दे.”

मला वाटलं, शाब्बास.

घरी आलो आणि हाल सुरू झाले. बाळ अंगावर लागायचं, सुटायचं, पुन्हा लागायचं, पुन्हा सुटायचं. जीभ पुढे येत नव्हती म्हणून हिरड्यांनी चावायचं. मुलीच्या छातीला चिरा पडल्या, दुधाबरोबर रक्त यायला लागलं, मग ताप भरला. डॉक्टरबाईंनी पाजायची पद्धत बदलून दाखवली, बाळाला असं धरा, तसं धरा, सगळं केलं. दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं, पण तापात दूधच आटत चाललं. बाळाचं वजन वाढायचं नाव घेईना. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पडदा कापलेला बरा. पुढे कशी बोलेल ते आज कुणीच सांगू शकत नाही, त्यासाठी मी सांगतही नाहीये. तिला दूध ओढता येत नाही, म्हणून सांगतेय.

मुलगी नाहीच म्हणाली. आणि हो म्हणेल तरी कशी? इकडे विहीणबाई रोज हजर, रोज तेच, “मी तर पहिल्यापासून सांगत होते.” त्यांनी हे म्हटलं की मुलीचे ओठ घट्ट मिटायचे. जावई बिचारा दोघींच्या मध्ये विजेच्या खांबासारखा उभा. बाळ रडून रडून थकायचं आणि झोपायचं. पोट भरून नाही हो, थकून. मला सगळ्यांचाच राग यायचा. विहीणबाईंचा, मुलीचा, त्या जाहिरातवाल्यांचा. आपापली बाजू सांभाळायला सगळे होते, त्या मुठीएवढ्या पोटाकडे बघायला कुणी नव्हतं.

रजा वाढवून घ्यायला मी दुकानात गेले तेव्हा यांनी शेजारून विचारलं, बाळ कसं आहे. मी सगळं सांगून टाकलं. मुलगी नाही का म्हणतेय, तेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग उठले आणि भर दुपारी, बाजाराच्या वेळेला, त्यांनी शटर खाली ओढलं. आजवर असं कधी झालं नव्हतं. मला घेऊन ते रिक्षाने तडक वारज्याला आले.

मुलगी बाळाला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली होती. विहीणबाई अळिवाची खीर घेऊन उभ्या होत्या. यांनी चपला काढल्या आणि तिथूनच विचारलं, “माझ्यासाठी हिला उपाशी ठेवतेस?”

मुलीला रडू फुटलं. “काका, त्या म्हणत होत्या की तुमच्यासारखी...”

“होऊ दे की. मी काय मेलो?”

मग ते खिडकीच्या उजेडात गेले, तोंड उघडलं आणि जीभ वर उचलून धरली. तिच्याखाली एक जुना, पांढुरका वण होता. मी इतकी वर्षं शेजारी काढली, पण मला हे माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, शाळेत मास्तरांनी त्यांच्या वडिलांच्या मागे लागून जिभेखालचं कापायला लावलं होतं. महिनाभर तोंड सुजलेलं होतं, आणि नंतर ‘र’ होता तिथेच होता.

ते विहीणबाईंकडे वळले. आवाज चढला होता. “माझी कापलेली आहे. तरी असाच बोलतो. हिची कापायची तर दुधासाठी कापा. माझ्या भीतीने कापू नका.” मग मुलीकडे बोट केलं. “आणि तू माझ्या मायेने अडून बसू नकोस. समजलं ना?”

खोलीत कुणी “काय?” म्हटलं नाही. विहीणबाईंनीसुद्धा मान डोलावली.

“मग झालं,” ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी छोट्याशा कात्रीने पडदा कापला. दोन थेंब रक्त आलं. बाळ रडलं आणि त्याला लगेच आईच्या अंगावर दिलं. जादू वगैरे काही झाली नाही. पुढे कितीतरी दिवस शिकवावं लागलं, मुलीच्या जखमा भरायलाही वेळ गेला. पण त्या पहिल्या वेळीच मध्ये एकदा गटगट असा आवाज आला आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेर काकांची वॉचमनशी जुंपली होती. पेशंटचं नाव सांगा, काय म्हणालात, पुन्हा सांगा. मी दार उघडून म्हटलं, पितेय. यांनी वॉचमनला तिथेच सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर ते दर रविवारी आमच्याकडे यायचे. नात त्यांच्या मांडीवर बसून बिघडलेल्या रेडिओची बटणं फिरवायची आणि दोघं तासन्‌तास बोलायचे. काय बोलायचे ते दोघांनाच कळायचं.

मागच्या वर्षी ते गेले. दुपारी दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. बाजारातल्या लोकांनी शोकसभा घेतली. एकजण उठून म्हणाला की त्यांच्या बोलण्यात दोष होता, पण मन निर्मळ होतं. मी उभी राहिले. म्हटलं, “दोष तुमच्या कानात होता.” मला पुन्हा बोलायला कुणी सांगितलं नाही, आणि नाही सांगितलं तेच बरं झालं. आता त्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. दिवसभर गाणी लावलेली असतात, त्यामुळे तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.

नात बालवाडीत जाते. आइस्क्रीम हनुवटीपर्यंत चाटते, इतकी तिची जीभ चालते. पण ‘र’ अजून आलेला नाही. डॉक्टरबाई म्हणतात, या वयात पुष्कळांना येत नाही, थांबू या. विहीणबाई फक्त एकदा म्हणाल्या, “कापूनसुद्धा?”

गेल्या आठवड्यात तिला आणायला गेले तर वर्गाच्या बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, तुमची नात उलट बोलते. काय झालं म्हणून विचारलं. मुलांना रंगीत खडू वाटत होते. हिने हिरवा मागितला. बाईंनी हिरवा हातात घेतला आणि तो हिला द्यायच्या आधी सगळ्या वर्गासमोर विचारलं, काय म्हणालीस, पुन्हा सांग. मुलं हसली. हिने बाईंच्या हातातून खडू काढून घेतला.

“आणि मला म्हणते, समजलं ना, मग झालं,” बाई म्हणाल्या. “हे असलं घरी कोण शिकवतं हिला?”

नात कोपऱ्यात दप्तर आवरत होती. हनुवटी खाली घालून, भुवया वर करून बघत होती. चष्मा तेवढा नव्हता.

“तिचे आजोबा,” मी म्हणाले.

“मग उद्या त्यांनाच पाठवा. मला बोलायचंय त्यांच्याशी.”

मी तिचा हात धरला आणि बाहेर पडले. पाठवलं असतं हो बाई. एका पायावर पाठवलं असतं.