मेलेल्यांची वही

आमच्या कंपनीत ताईंचं काम काय, हे सांगितलं की नवा माणूस हसतो. त्या मेलेल्यांची वही सांभाळतात. कंपनी टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ बनवते: बोटभर उंचीचे सैनिक, फासे आणि त्याच विश्वातल्या कादंबऱ्या. काळोखे ग्रह, हाडांनी मढवलेली अंतराळयानं, पानोपानी मुडदे. कोण कुठे, कुणाच्या हातून मेला ते ताईंच्या वहीत असतं. नवी कादंबरी त्या वहीशी ताडून बघतात, मगच ती छापायला जाते. मी समोरच्या टेबलावर सैनिक रंगवतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

ताईंना स्वतःला लिहायचं होतं. तीनदा कादंबरी दिली, तीनदा साभार परत. मग त्यांच्याच धाकट्या बहिणीने लिहिली आणि पहिल्या फटक्यात ती घेतली गेली. ताईंनी तिचं तोंडभर कौतुक केलं आणि मग माझ्यापुढे येऊन त्या धुसफुसल्या, "हा खेळ तिला शिकवला कुणी? मी! फासे धड टाकता येत नव्हते बाईला. जळते मी तिच्यावर, लपवू कशाला?"

बहिणीचं हस्तलिखित तपासायला ताईंकडेच आलं. शेवटच्या प्रकरणात एक सेनापती ऐटीत उभा होता. वहीप्रमाणे तो दोन पुस्तकांपूर्वीच जळून मेला होता. ताईंनी मला ते पान दाखवलं, वही मिटली आणि 'बरोबर'चा शिक्का हाणला.

"वाचक आता सोलून काढतील तिला," त्या म्हणाल्या. मी ब्रश उचलून पुढचा सैनिक रंगवायला घेतला. माझंही चुकलंच.

वाचक वेडे झाले, पण आनंदाने! सेनापती जिवंत आहे, काय बेमालूम रहस्य पेरलंय! कंपनीने त्याच्यावरच्या आणखी तीन कादंबऱ्या बहिणीला लिहायला दिल्या. ताईंना वहीतलं 'मृत' स्वतःच्या हाताने खोडावं लागलं. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

मग बहीण ऑफिसात आली ती थेट ताईंच्या गळ्यात पडली. "ताई, तो मेलाय हे मी साफ विसरले होते गं. नंतर कळलं तेव्हा वाटलं, संपलं आता माझं लिहिणं. पण तुला तर वही तोंडपाठ. तू माझ्यासाठी मुद्दाम राहू दिलंस ना?"

"हो गं," ताई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच."

तिच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घालून सेनापतीचे डोळे रंगवायला लागलो.